आईच्या देहदानाच्या फॉर्मवर मुलानं सही करावी का?

नौपाडेकर
आई ७६ वर्षांची. परवा देहदानाचा फॉर्म पुढ्यात ठेवून म्हणाली, साक्षीदार म्हणून सही कर. बाबांचं सगळं जवाहरबाग स्मशानभूमीत यथासांग झालं होतं. मी स्वतःला अश्रद्ध समजतो, तरी पेन उचलेना. देह तिचा असला तरी निरोप आमचा असतो ना? की मीच हळवा होतोय?

खाडीकाठ
हळवे आहातच. संघात आयुष्य घालवलेले नानाजी देशमुख २०१० साली गेले, त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला दिला. त्याच वर्षी कम्युनिस्ट ज्योती बसूंचा कोलकात्यात. म्हणजे आस्तिक-नास्तिक हा वाद इथे लागूच होत नाही. आणि आपल्या पुराणात दधीची आहेतच की.

कोपरीची_सून
दधीचींचं नाव जो तो घेतो. त्यांनी हाडं स्वतः दिली, मागच्यांना रात्री दोनला फोन फिरवावे लागले नाहीत. माझ्या सासऱ्यांचं कार्ड पाकिटात तयार होतं. गेले शनिवारी रात्री. एका कॉलेजात कुणी फोन उचलेना, दुसरीकडून उत्तर, सोमवारी आणा. बर्फाच्या लाद्या आणल्या, पाहुणे दारात, पोरं घाबरलेली. रविवारी दुपारी शेवटी अग्नी दिला. बाबांची शेवटची इच्छा आपण मोडली, हे नवरा अजून बोलतो. सही करणं सोपं आहे हो.

अ‍ॅनाटॉमीवाली
ताईंचं खरं आहे, ही व्यवस्था सुधारायलाच हवी. अडचणी आणखीही आहेत. देह टिकावा म्हणून मांडीच्या रोहिणीतून फॉर्मॅलिन भरतात. पोस्टमॉर्टेममध्ये रक्तवाहिन्या कापल्या जातात, त्यामुळे तो झालेला देह सहसा घेत नाहीत. एचआयव्ही किंवा 'बी' प्रकारची कावीळ असेल तरी नकारच.
पण एक बोलते. १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यानं बेवारस मृतदेह कॉलेजांना मिळू लागले. त्यांना कुणी कधी विचारलं होतं? ज्यांचं कुणी नाही त्यांच्यावर आम्ही शिकायचं, आणि घरच्या माणसाची वेळ आली की सगळ्यांना विधी आठवणार. मला खुपतं हे.

घणसोलीकर
टोचून बोलून दान होत नसतं, डॉक्टर. माझी आई आजीच्या अस्थी घेऊन नाशिकला गेली तेव्हा कुठे धाय मोकलून रडली, तोवर गप्प होती. ते अज्ञान नव्हे. त्यापेक्षा नेत्रदान करा, त्वचादान करा. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. दोन्ही सहा तासांत उरकायचं. त्वचा म्हणजे मांड्या, पाय, पाठ इथला पातळ थर, मग रीतसर अग्नी.

खाडीकाठ
चांगलंच आहे, पण त्यानं भाजलेला माणूस वाचतो. शरीर उघडून शिकायचं कशावर? प्लास्टिकच्या सांगाड्यावर?

अ‍ॅनाटॉमीवाली
नेत्रदान करूनही देहदान चालतं. नौपाडेकर, वेळ आल्यावर आधी पंखा बंद करा, पापण्या मिटून ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या.

नौपाडेकर
बेवारसांचं वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळी आईला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "मी शनिवारी गेले तर?" सोमवारी दोघं कळव्याच्या मेडिकल कॉलेजात जातोय. सही अजून केलेली नाही. पुण्याची बहीण ऐकायलाच तयार नाही, तिच्याशी बोलायचंय.

कोपरीची_सून
रविवारी फोन कोण उचलतं ते आधी विचारा. नाव-नंबर लिहून घ्या. आणि बहिणीलाही सोबत न्या.