शब्दचर्चा: डिस्कचा वेग, गती, चाल की दर?

औंधकर:
ऑफिसात नव्याने आलेल्यांसाठी डिस्क तपासण्याची मराठी टिपणं करतो आहे. 'डेटा ट्रान्सफर स्पीड'साठी 'विदा हस्तांतरण गती' असा शब्दप्रयोग सापडला, पण तो तोंडात बसत नाही. थ्रूपुट, लेटन्सी, सिक्वेन्शियल, रँडम यांनाही शब्द हवेत. कोशातले नकोत, दुकानात समजतील असे सुचवा.

रास्तापेठी:
गती तर नकोच. बालभारतीच्या विज्ञानात गती म्हणजे हालचाल, चाल म्हणजे एकक काळात कापलेलं अंतर आणि वेग म्हणजे दिशेसह चाल. इथे अंतर कापायचा प्रश्नच नाही. सेकंदाला किती बाइट वाचले किंवा लिहिले एवढंच मोजायचं आहे, म्हणून याला आणि थ्रूपुटलाही 'दर' घ्या: वाचनदर, लेखनदर. बोलताना 'स्पीड' म्हणायला कुणाची ना नाही.

वेग हा शब्द तबकडीच्या फिरण्यासाठी राखून ठेवा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्डडिस्कला एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा जातो, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कला तेच ५.५६. एकाच डिस्कवर बाहेरच्या कडेचा वाचनदर आतल्या कडेपेक्षा बराच जास्त असतो, कारण फिरण्याचा वेग तोच राहिला तरी बाहेरच्या ट्रॅकवर (गोल पट्ट्यावर) जास्त सेक्टर (साठवणीचे तुकडे) मावतात. 'वेग तोच, दर निराळा' हे वाक्य लिहायचं तर दोन शब्द लागतातच.

'हस्तांतरण' सातबाऱ्यावर शोभतं. तिथे मालकी बदलते. फाइल कॉपी केली तरी मूळ फाइल जागेवरच असते.

डिस्कवैद्य:
दर पटला. लेटन्सीला साधं 'विलंब' म्हणा, आणि दर व विलंब एकाच रकान्यात कोंबू नका. विसर्जन मिरवणुकीत बेलबाग चौकातून तासाला किती मंडळं पुढे सरकली हा दर. एकाच मंडळाला तिथून अलका टॉकीज चौक गाठायला लागलेला वेळ हा विलंब. चौकात मंडळांची रीघ लागली तरी प्रत्येक मंडळाचे तास काही कमी होत नाहीत.

सिक्वेन्शियलला 'क्रमवार' आणि रँडमला 'विखुरलेलं' लिहा, 'यादृच्छिक' नको. हार्डडिस्कला हेड हलवायला ९ आणि फेऱ्याचे ४ असे १३ मिलिसेकंद धरा. सेकंदाला ७६-७७ वाचनं झाली. प्रत्येक वाचन ४ किलोबाइटचं, तर विखुरलेला वाचनदर जेमतेम ३०० केबी. तीच डिस्क क्रमवार वाचनात १५०-२०० एमबी देते. संगणक सुरू होताना का रखडतो ते या ३०० केबीत कळतं, खोक्यावर छापलेल्या आकड्यात नाही.

कर्वेरस्ता:
शब्दांपेक्षा एककांनी जास्त घोळ घातलाय. 'एमबीपीएस' हा लेखनप्रकारच टिपणातून हद्दपार करा, कारण बिट की बाइट ते त्यातून कळत नाही. बाइट असतील तर 'एमबी/से.', बिट असतील तर 'मेगाबिट/से.' असं पूर्ण लिहा.

जोडणीचे आकडे बहुधा बिटमध्ये असतात आणि नुसतं ८ ने भागून भागत नाही. साटा-३ या डिस्कजोडणीचे ६ गिगाबिट घ्या. त्यात ८ बिटांसाठी तारेवर १० बिट जातात, म्हणून ६०० एमबी/से. ही कमाल, आणि हाती ५५० च्या आसपास. यूएसबी ३.० च्या ५ गिगाबिटांतही तीच १० बिटांची पद्धत, कमाल ५०० एमबी. मदरबोर्डवरच्या पीसीआयई ३.० जोडणीत १२८ बिटांसाठी १३० जातात, त्यामुळे गळती नगण्य आणि चार लेनवर (समांतर मार्गांवर) साधारण ३.९ जीबी/से. हा जो तारेवरचा आकडा आहे त्याला 'जोडणीदर' म्हणता येईल.

आणि १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. उत्पादक १,००० ने गुणतो, विंडोज १,०२४ ने भागते.

औंधकर:
आणि टेस्टिंग? 'चाचणी', 'तपासणी' दोन्ही चालतील?

डिस्कवैद्य:
दोन्ही ठेवा, पण वेगवेगळ्या कामांना. तब्येत बघायची ती तपासणी, दर मोजायचा ती चाचणी. तपासणी आधी. मरायला टेकलेल्या डिस्कवर लेखनचाचणी लावली तर राहिलेला डेटाही हातचा जायचा.

तपासणीत स्मार्टचे (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीचे) चार आकडे बघा. ५ क्रमांकावर बदललेले सेक्टर, १९७ वर निकालाची वाट बघणारे, १९८ वर न सुधारलेले. यांची मूळ संख्या शून्याच्या वर जाऊन वाढत राहिली तर बॅकअप घ्या, बाकी सगळं नंतर. १९९ मात्र बहुतेकदा केबलचा दोष दाखवतो. केबल बदलल्यावर आकडा उतरत नाही, फक्त वाढायचा थांबतो. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या डिस्क भंगारात जातात.

चाचणीत लोक बहुधा कॅशेच, म्हणजे तात्पुरती साठवणच मोजतात (एकार देऊन लिहा, नाहीतर खरेदीच्या नोंदीत ती रोख रक्कम वाटते). लिनक्सवर 'एचडीपार्म' या आज्ञेला मोठा टी दिला तर रॅममधल्या कॅशेचा दर येतो, छोटा टी दिला तर डिस्कचा. 'डीडी' या आज्ञेने लिहिताना 'ओफ्लॅग' या पर्यायाला 'डायरेक्ट' द्या, नाहीतर रॅममध्ये लिहिलेलंच डिस्कवर गेलं असं धरून आकडा फुगतो. नुसती शून्यं लिहू नका, काही कंट्रोलर (ड्राइव्हचा कारभार बघणाऱ्या चिप) ती दाबून लहान करतात.

एसएसडीत (चिपवर साठवणाऱ्या, न फिरणाऱ्या ड्राइव्हमध्ये) आणखी एक गोम आहे. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट ठेवणाऱ्या) ड्राइव्हचा काही भाग एसएलसीसारखा (पेशीत एकच बिट ठेवून) वापरून त्यात आधी झपाट्याने लिहिलं जातं. क्रिस्टलडिस्कमार्क या चाचणी-प्रोग्रामची नेहमीची १ जीबीची फाइल त्यातच मावते. सलग शंभरेक जीबी लिहा, मग कित्येक स्वस्त ड्राइव्हचा लेखनदर हार्डडिस्कच्याही खाली घसरलेला दिसेल. या दराला 'टिकाऊ लेखनदर' म्हणा.

कर्वेरस्ता:
बाहेरची डिस्क ३५-४० एमबीवर अडली तर डिस्कला दोष देण्याआधी पोर्ट आणि केबल बघा, जोडणी यूएसबी २.० वर उतरलेली असते. पेन ड्राइव्हच्या क्षमतेबद्दल शंका असेल तर 'एच२टेस्टडब्ल्यू' किंवा 'एफ३' या प्रोग्रामने पूर्ण भरून परत वाचा. तिथे दर नव्हे, खरेपणा तपासायचा असतो.

औंधकर:
मग नोंद अशी: 'क्रमवार वाचनदर ५४० एमबी/से., ब्लॉक १ एमबी, रांगखोली ८, फाइल ६४ जीबी.' बरोबर? ब्लॉक म्हणजे एका वेळी वाचलेला तुकडा.

रास्तापेठी:
'रांग ८' पुरे, म्हणजे एका वेळी रांगेत ८ मागण्या. रांगखोली म्हणजे रांग लावायची खोली वाटते.

डिस्कवैद्य:
ड्राइव्ह किती टक्के भरलेला आहे तेही लिहा, आणि एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणारा एसएसडी) असेल तर तापमानाचा रकाना घाला. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) नसलेला ड्राइव्ह तापला की स्वतःच दर कमी करतो. मग सकाळच्या आणि दुपारच्या आकड्यांवरून उगाच वाद होतात.