‘बीम-कपलिंग इम्पीडन्स’ मराठीत कसं लिहावं?

मागवाला: त्वरकाच्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) सुट्या भागांच्या मोजमापावर मराठीत टिपण करतोय. आतून जाणाऱ्या कणांच्या बीमवर तो भाग उलट किती परिणाम करतो, ते हा इम्पीडन्स सांगतो. ‘शलाका-युग्मन संरोध’ लिहिलं तर वाचणारे ‘शलाका’ला अडले. ‘बीम’ ठेवावं, तर सोलापुरात बीम म्हणजे मागावरचा उभ्या धाग्यांचा रूळ. काय करू?

काडीमोल: ‘झोत’ लिहा. कणांचा झोत, सगळ्यांना कळतो.

उभा धागा: झोत अखंड वाहतो, इथे कण गुच्छांनी जातात. पुढच्या गुच्छाने मागे सोडलेलं विद्युतचुंबकीय क्षेत्र मागच्याला ढकलतं, संरोध मोजायचा तो त्यासाठीच. शलाका म्हणजे मुळात सळई, काडी. इंग्रजी बीमही मूळचा झाड-लाकूडच, जर्मन ‘बाउम’चा भाऊ. मागाचा बीम आणि कणांचा बीम एकाच लाकडाचे!

पन्नास ओहम: व्युत्पत्ती छान, पण टेबलावर मोजताना बीम नसतोच, त्याच्या जागी तार असते. ५० मिमी नळीत मधोमध ०.५ मिमी तार ताणली की त्या जोडीचा स्वतःचा संरोध ६० × नैसर्गिक लॉग १०० = सुमारे २७६ ओहम (१०० म्हणजे दोन्ही व्यासांचं गुणोत्तर). केबल ५० ओहमची, म्हणून दोन्ही टोकांना २२६ ओहमचा रोधक एकसरीत. तारेकडून जुळणी होते, म्हणजे संकेत परत उसळत नाही; केबलकडून मात्र उसळतो. तिथे अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे संकेत क्षीण करणारा तुकडा, लावा. मग नेटवर्क अ‍ॅनालायझरवर (पार गेलेला संकेत मोजणाऱ्या यंत्रावर) आधी तेवढ्याच लांबीची गुळगुळीत नळी मोजा, नंतर भाग. भागातून आणि नळीतून पार गेलेल्या संकेतांचं गुणोत्तर ०.९५ आलं तर भागाचा संरोध −२ × २७६ × नैसर्गिक लॉग ०.९५, म्हणजे सुमारे २८ ओहम. तार सैल पडली की मध्ये झोळ येतो, २७६ चा आकडा जागोजाग बदलतो आणि उत्तर बिघडतं. ढिल्या धाग्याने चादरीचं जे होतं तेच.

उभा धागा: एक राहिलं. तीक्ष्ण अनुनाद असलेल्या कप्प्यात तारच ऊर्जा बाहेर वाहून नेते. शिखर बुटकं, रुंद होतं, सरकतंही. तिथे तारेवर विसंबू नका, दोऱ्यावरचा छोटा मणी कप्प्यातून ओढत अनुनाद किती सरकतो ते मोजा.

काडीमोल: ‘युग्मन’ तरी काढा. ‘सांगड’ म्हणा.

उभा धागा: सांगड दोघांना बांधते. इथे बांधलेलं काही नाही, भिंतीमार्फत परिणाम पोचतो. युग्मनच हवं.

मागवाला: आणि त्या तुलनेच्या नळीला? मी ‘कोरी नळी’ लिहिलंय.

पन्नास ओहम: कोरी म्हणजे न वापरलेली. ही तर रोज वापरतात. ‘साधी नळी’.

काडीमोल: कोरा कागद काय, न वापरलेलाच असतो का? त्यावर काही लिहिलेलं नसतं, एवढंच. ‘कोरी’च बरोबर.