संदर्भातले स्वल्पविराम लेखकानेच का मोजायचे?

अर्धविराम

आमचा शोधनिबंध (पेपर) काल तिसऱ्यांदा जर्नलकडून परत आला. रिव्ह्यूअरपर्यंत, म्हणजे तपासणाऱ्या तज्ज्ञांपर्यंत पोचलाच नाही, तांत्रिक तपासणीतच अडला. कारण एका ओळीत: संदर्भसूची जर्नलच्या शैलीत नाही. संदर्भ एकूण ६८. पहिल्या जर्नलला चौकटी कंसात आकडे हवे होते, दुसऱ्याला अक्षरांच्या डोक्यावर चढवलेले आकडे आणि खंड क्रमांक ठळक. आताच्या जर्नलला नाव आणि साल. प्रयोग तेच, आलेख तेच. बदलले काय तर टिंबे.

आठ लेखकांचा एखादा पेपर घ्या. 'नेचर' जर्नलच्या पद्धतीत पहिले नाव आणि पुढे 'व इतर'. वैद्यकीय जर्नलांच्या व्हँकुव्हर शैलीत सहा नावे, मग 'व इतर'. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या (एपीए) शैलीच्या सातव्या आवृत्तीत आठच्या आठ. यातल्या कोणत्या पद्धतीने लिहिले तर वाचकाला तो पेपर सापडणार नाही? डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) दिला की तिन्हीकडून एका क्लिकवर मिळतो. शिवाय पेपर स्वीकारल्यावर प्रकाशक सगळे संदर्भ सुटे करून एक्सएमएल या संगणकाला वाचता येणाऱ्या साच्यात घालतोच. तिथे माझे इटॅलिक कोण बघतो?

मला वाटते, पहिल्यांदा पाठवताना कुठलीही एक शैली चालावी. पुढचे जर्नलने बघून घ्यावे. एल्सविअर या प्रकाशनसंस्थेच्या 'फ्री रॅडिकल बायॉलॉजी अँड मेडिसिन' या जर्नलने २०११ मध्येच हे सुरू केले आणि नंतर त्यांच्या इतर जर्नलांनीही उचलले.

ताळेबंद

अजिबात सहमत नाही. मी रिव्ह्यू करतो तेव्हा आधी शेवटचे पान उघडतो. एका संदर्भात जर्नलचे पूर्ण नाव, दुसऱ्यात संक्षेप, तिसऱ्यात पृष्ठ क्रमांकच गायब असे दिसले की तक्त्यातले आकडेही दोनदा तपासतो. आणि बरेचदा तिथेही काहीतरी सापडते.

दुसरे म्हणजे, शैली लावायची तर प्रत्येक संदर्भ पुन्हा उघडावा लागतो. माझ्याच एका पेपरात साल चुकलेले तसेच उघडकीला आले. हे काम दुसऱ्याकडे ढकलले की लेखक आपले संदर्भ आयुष्यात पुन्हा बघणार नाही. एल्सविअरचे नाव काढलेच आहे, तर त्यांच्याच लेखक-मार्गदर्शिकेतला तो नमुना संदर्भ आठवा. 'वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला' अशा अर्थाचे शीर्षक, लेखक, साल, पाने, सगळे दिलेले. असा लेख अस्तित्वातच नाही, आणि तरी शेकडो पेपरांच्या संदर्भसूचीत तो जाऊन बसला! लोक न बघता चिकटवतात, दुसरे काय?

अर्धविराम

पण तो नमुना संदर्भ शैलीत अगदी बिनचूक होता की! म्हणून तर कुठल्याच तांत्रिक तपासणीत अडला नाही. तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

पहिलाच_पेपर

मध्येच बोलतोय, पण एवढा वाद कशाला? झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शैली बदलली की सगळी सूची बदलते. दहा हजारांवर शैली आहेत त्यात.

जुना_मुद्रितशोधक

बदलते, पण आत कचरा असेल तर कचराच नव्या कपड्यांत बाहेर येतो. मी काही वर्षे जर्नलांची कॉपी तपासली आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे इंग्रजी नाव सॉफ्टवेअरमध्ये व्यक्तीचे नाव म्हणून भरले, की छापून येते 'ऑर्गनायझेशन डब्ल्यू. एच.', जणू श्रीयुत ऑर्गनायझेशन नावाचे कुणी गृहस्थ आहेत. बिबटेक या दुसऱ्या संदर्भ-सॉफ्टवेअरमध्ये महिरपी कंस विसरलात तर बऱ्याच शैलींत शीर्षकातला 'DNA' छोट्या अक्षरांत, 'dna' असा उतरतो. काही शीर्षके डेटाबेसमधूनच सगळी मोठ्या अक्षरांत येतात. हे मशीनला कळत नाही, लेखकाला कळायला हवे.

आता वादाबद्दल. व्हँकुव्हर शैली जन्माला आली ती नेमक्या अर्धविराम यांच्या तक्रारीतून. १९७८ मध्ये वैद्यकीय जर्नलांचे संपादक व्हँकुव्हरला जमले, कारण टाईपरायटरच्या काळात एक जर्नल नाही म्हणाले की अख्खा पेपर पुन्हा टंकायचा. एकच साचा ठरवू, म्हणजे लेखकांचा त्रास वाचेल, एवढाच हेतू. मग प्रत्येक जर्नलने त्यात आपापले टिंब घातले. त्रास होता तिथेच आला.

आकडाही देतो. २०१९ मध्ये 'प्लॉस वन' या जर्नलमध्ये ३७२ संशोधकांची पाहणी आली होती: एका पेपरच्या फॉरमॅटिंगला मध्यक १४ तास, म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त. यात समास, आकृत्या, शब्दमर्यादा असे सगळेच धरलेले आहे, नुसते संदर्भ नाहीत, म्हणून कोणी हा आकडा ताणू नये. पण १४ तास म्हणजे जवळजवळ दोन दिवसांचे काम, आणि ते पेपर नाकारला गेला तरी जातेच.

ताळेबंद

टिंबांबद्दल तुमचे ऐकतो. पण 'कुठलीही शैली' मला मान्य नाही. आकडे की नाव-साल, हा टिंबांचा प्रश्न नाही. मजकुरात नुसते [२३] असले की मला शेवटच्या पानावर जाऊन यावे लागते. नाव-साल असले की वाचतानाच कळते की लेखक कुणाच्या कामावर उभा आहे आणि ते किती जुने आहे. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांनी १८८१ मध्ये बिनशंखाच्या गोगलगायीवरच्या निबंधात ही पद्धत वापरली, ती उगाच टिकली नाही.

अर्थात एकेका वाक्याला दहा-बारा संदर्भ असतील तिथे नावे लिहून परिच्छेदच वाचता येत नाही, तिथे आकडेच बरे. म्हणजे हा निर्णय विषयाचा आहे, लेखकाच्या सोयीचा नाही. पहिल्या फेरीत एवढे पाळा, बाकी स्वल्पविराम माफ.

अर्धविराम

एवढे चालेल. 'स्वल्पविराम माफ' हे तेवढे संपादकांच्या कानावर घाला.

जुना_मुद्रितशोधक

अर्धविराम, तुमची सूची हाताने टंकलेली आहे का? तिन्ही वेळा एवढा वेळ गेला म्हणजे असावी.

अर्धविराम

हो. सहलेखक वर्डच्या फाईलमध्ये हातानेच घालतात, आणि ज्येष्ठांना काय सांगणार.

जुना_मुद्रितशोधक

मग ६८ डीओआय एकदा झोटेरोत टाका. जादूच्या कांडीचे चित्र आहे त्यावर क्लिक करून एकदम चिकटवता येतात. शैलीसाठी नका करू हवे तर, पण २०१९ पासून तो 'रिट्रॅक्शन वॉच'च्या यादीशी ताडून मागे घेतलेले, म्हणजे छापल्यावर रद्द ठरवलेले पेपर दाखवतो, त्यासाठी करा.

अर्धविराम

टाकले. पाच डीओआय चुकीचे निघाले. आणि एका संदर्भावर लाल पट्टी आली: तो पेपर मागे घेतलेला आहे. आमच्या चर्चेचा अर्धा परिच्छेद त्यावर उभा होता. तीन जर्नलांच्या तांत्रिक तपासणीत तो कुणाच्याच नजरेला आला नाही, कारण तिथे नुसते स्वल्पविराम मोजले.

आज तो परिच्छेद नव्याने लिहिला. संदर्भ काढला तेव्हा पुढचे आकडे बदलत बसावे लागले नाही, नाव-साल पद्धत असल्यामुळे. तेवढे श्रेय ताळेबंद यांना.