पावसाळ्यातील शनिवार-रविवारी माळशेज घाट दुचाकींसाठी बंद ठेवावा का?

पाचपाखाडीकर

गेली बावीस वर्षे मी ठाण्याहून मोटारसायकलवर घाट चढतो आहे. कसारा, माळशेज, ताम्हिणी, वरंध, आंबेनळी हे रस्ते मी उन्हात आणि पावसात दोन्ही वेळा पाहिले आहेत. घाटाच्या वळणांवर गाडी चालवताना जो आनंद मिळतो, तो मला दुसऱ्या कशातही मिळालेला नाही. तरीही आज मी जी मागणी करतो आहे, ती याच आनंदावर पाणी सोडायला सांगणारी आहे. जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत दर शनिवारी व रविवारी, सकाळी सात ते संध्याकाळी सात, माळशेज घाट दुचाकींसाठी बंद ठेवावा आणि फक्त स्थानिक रहिवाशांना त्यातून वगळावे.

मागच्या वर्षी जुलैतल्या एका रविवारी माझा पुतण्या आणि त्याचे मित्र चार गाड्यांवर निघाले आणि मी त्यांच्या मागे होतो. कल्याण, मुरबाड मागे टाकून टोकावड्याला चहा घेईपर्यंत सगळे ठीक होते. मोरोशी सोडल्यावर पाऊस वाढला. घाटात एका वळणावर धबधबा पाहण्यासाठी एक मोटार अर्धी रस्त्यावर उभी केलेली होती. ती दिसताच पुतण्याने वळणातच पुढचा ब्रेक दाबला, आणि डोंगरावरून वाहून आलेल्या बारीक खडीवर पुढचे चाक सरकले. त्याच्या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, होते, कारण १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना ते २०१९ पासून सक्तीचे आहे. पण झुकलेल्या गाडीचे चाक खडीवरून बाजूला घसरू लागले की त्याचा फारसा उपयोग होत नाही. तो कठड्यापर्यंत फरफटत गेला. हेल्मेटवर कानशिलापासून हनुवटीपर्यंत खोल ओरखडा उमटला होता आणि उजव्या मांडीचे हाड मोडले होते.

फोनला रेंज नव्हती. एका मित्राने खाली जाऊन, जिथे रेंज मिळाली तिथून १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका पोहोचायला एक तास चाळीस मिनिटे लागली. तेवढा वेळ मी वरच्या वळणावर लाल रेनकोट हलवत उभा होतो, कारण धुक्यातून आधी फक्त दिवे दिसत आणि गाडी वीस पावलांवर आली की मग तिचा आकार दिसे. त्या दिवशी मला जे वाटले, ते कोणाही घरच्या माणसाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून ही मागणी करतो आहे.

घणसोलीकर

आपल्या पुतण्यावर जे ओढवले ते वाचून फार वाईट वाटले, आणि तो बरा झाला असेल अशी आशा करतो. पण आपल्या मागणीशी मी पूर्णपणे असहमत आहे, आणि याची कारणे आपण सांगितलेल्या हकिकतीतच आहेत. रस्त्यात अर्धी उभी होती ती मोटार. आपण बंदी मागता आहात ती मात्र दुचाकीवर.

थोडा हिशेब मांडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोरचा अडथळा डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातोच. त्यानंतर ओल्या डांबरावर, टायरची नक्षी शाबूत असताना आणि गाडी सरळ असताना, थांबायला आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. म्हणजे एकूण पन्नासच्या वर. ताशी ३० वेगाला हेच एकूण अंतर १७ मीटरच्या आसपास येते. वेग निम्मा केला की थांबण्याचे अंतर एक-तृतीयांश होते. उतारावर दोन्ही आकडे वाढतात. घाटातल्या आंधळ्या वळणावर पंचवीस-तीस मीटरच रस्ता दिसत असेल, तर तिथे ६० ने जाणारा माणूस न दिसणाऱ्या रस्त्याच्या भरवशावर चाललेला असतो, मग तो वार रविवार असो की मंगळवार. जेवढा रस्ता दिसतो त्याच्या आत थांबता येईल एवढाच वेग ठेवावा आणि ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच मारावा. या दोन गोष्टी नव्या चालकाला कोणीतरी बसवून शिकवायला हव्यात. परवाना मिळवताना मैदानात आठचा आकडा काढून दाखवला म्हणजे घाट येतो असे होत नाही.

उतरण्याबद्दलही लिहायलाच हवे. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडून घाट उतरणारे मी दर वेळी पाहतो आणि पोटात गोळा येतो. इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि मागे दोन माणसांचे वजन व ड्रम ब्रेक असेल तर लांबच्या उतारावर तो तापून ढिला पडतो. ज्या गिअरमध्ये चढ चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम दुचाकीलाही तितकाच लागू आहे.

दुसरे म्हणजे, दुचाकीला आधीच किती रस्ते बंद आहेत याचाही विचार व्हावा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आम्हाला प्रवेश नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, मोटारी आता आठ किलोमीटरच्या आसपास लांबीच्या जुळ्या बोगद्यातून कसारा घाट टाळून जातात, आणि दुचाकीस्वार मात्र कंटेनरच्या रांगेत त्याच जुन्या घाटातून चढतो. ज्यांना सुरक्षित पर्याय दिला गेला नाही त्यांचा उरलेला रस्ताही काढून घेणे मला अन्यायाचे वाटते.

वैशाखऱ्याचा रहिवासी

मी मुरबाड तालुक्यात, घाटाच्या पायथ्याच्या गावांपैकी एका गावात राहतो. माझी बहीण घाटाच्या माथ्यावर, करंजाळ्याकडे दिली आहे. आमच्यासाठी हा घाट म्हणजे सहल नाही. मुरबाडच्या बाजारातून औषध नेणे, ओतूरहून रोपे आणणे, लग्नाची पत्रिका देणे, आजारी माणसाला मागे बसवून नेणे, हे सगळे मोटारसायकलवरच होते, कारण एसटीची वेळ आणि आमची वेळ क्वचितच जुळते.

‘स्थानिकांना वगळावे’ हे पाचपाखाडीकर साहेबांनी चांगल्या मनाने लिहिले आहे, पण नाक्यावर उभा असलेला हवालदार स्थानिक कोणाला म्हणणार? मुरबाडच्या गाडीची पाटी एमएच-०५ असते आणि डोंबिवलीहून धबधब्याखाली भिजायला आलेल्या मुलाच्या गाडीचीही एमएच-०५ असते. वरून येणाऱ्या जुन्नर तालुक्यातल्या गाडीवर एमएच-१४ असते, पिंपरी-चिंचवडच्या गाडीवरही तेच. आधार कार्ड दाखवा म्हणाल, तर माझा भाचा कळव्यात नोकरीला आहे, कार्डावर पत्ता कळव्याचा आहे आणि तो दर शनिवारी आईला भेटायला घाट चढतो. त्याला परत पाठवणार का? शिवाय घाटाचा पायथा ठाणे जिल्ह्यात आणि माथा पुणे जिल्ह्यात असल्यामुळे आदेशही दोन जिल्हाधिकाऱ्यांनी एकाच वेळी काढावा लागेल. एकीकडे बंद आणि दुसरीकडे चालू असे झाले, तर वरून उतरलेला माणूस मध्येच अडकेल.

पण घणसोलीकरांचेही सगळे मला पटत नाही. त्यांचा हिशेब अचूक आहे, तरी दर रविवारी आमच्या दारावरून जे जथे जातात ते हिशेब करणारे नसतात. पंधरा-वीस गाड्या एकामागोमाग, पुढच्याला गाठण्याच्या ईर्ष्येने, आमच्या शाळेसमोरून ज्या वेगाने जातात तो पाहून आम्ही मुलांना रविवारी रस्त्याकडे फिरकू देत नाही.

नेरूळची परिचारिका

मी अपघात विभागात काम करते, म्हणून फक्त ‘एक तास चाळीस मिनिटे’ या आकड्याबद्दल लिहिते. मांडीचे हाड मोडले की बाहेर थेंबही न दिसता एक ते दीड लिटर रक्त आतल्या आत वाहू शकते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ‘गोल्डन अवर’ची व्याख्या गंभीर इजेनंतरचा एक तास अशी केली, आणि याच काळात तत्पर उपचार मिळाले तर प्राण वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. ज्या रस्त्यावर मदत पोहोचायलाच त्याहून जास्त वेळ लागतो, तिथे गर्दीच्या दिवशी दुचाकी कमी असाव्यात ही मागणी मला रास्त वाटते. घणसोलीकर, आपण ताशी ३० ने जाल यावर माझा विश्वास आहे. पण वरच्या वळणावरून चुकीच्या बाजूने येणारा आपल्यावर आदळला, तर आपल्या कौशल्याने आपले हाड वाचत नाही.

आणखी दोन गोष्टी सगळ्यांनी लक्षात ठेवाव्यात अशी विनंती आहे. पडलेल्या माणसाला दंडाला धरून उठवून बसवू नका, कारण मणक्याला इजा असेल तर ती तेवढ्याने वाढते. श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेटही घाईने ओढून काढू नका. आणि मदत करायला घाबरू नका. त्याच कायद्याच्या कलम १३४-अ आणि त्याखालच्या नियमांनुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि पोलीस त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत.

कळव्याचा मुसाफिर

रस्ता बंद करणे म्हणजे अन्याय, ही भाषा हिमालयात कोणी बोलत नाही. मी मनाली–लेह रस्ता दोनदा केला आहे. खिंडीत बर्फ आले की सीमा रस्ते संघटना रस्ता बंद करते आणि माणसे मुकाट्याने खाली मुक्काम करतात. त्याच वाटेवरच्या रोहतांग खिंडीला तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांनंतर दिवसाला पर्यटकांच्या बाराशे गाड्यांचीच मर्यादा आहे, ८०० पेट्रोल आणि ४०० डिझेल. परवाना संपला की त्या दिवशी जाता येत नाही. माळशेजला तसे का होऊ नये?

घणसोलीकर

कारण रोहतांगची ती मर्यादा प्रदूषण रोखण्यासाठी आहे आणि ती सगळ्या पर्यटक गाड्यांना आहे, एकट्या दुचाकीला नाही. शिवाय २०२० मध्ये खिंडीखालून अटल बोगदा झाल्यापासून पलीकडच्या लाहौलच्या लोकांना रोहतांग चढावाच लागत नाही. त्यांना पर्याय मिळाला आणि मग वरचा रस्ता सहलीपुरता उरला. माळशेजला असा पर्याय कुठे आहे?

मात्र बर्फाच्या मुद्द्यावर मी विचार केला. खिंड बंद होते ती परिस्थिती पाहून, वार पाहून नाही. दाट धुके उतरले, दरड कोसळू लागली, तर घाट सगळ्याच वाहनांना दोन तास रोखून धरा. त्याला माझा विरोध नाही, मी टोकावड्याला थांबेन. पण ऑगस्टमधल्या कोरड्या, स्वच्छ रविवारी फक्त मोटारसायकलवर आहे म्हणून मला परत पाठवले, तर ते मी कधीही मान्य करणार नाही.

पाचपाखाडीकर

सगळ्यांचे मन लावून वाचले. पाटीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. पाचपाखाडीत बसून ‘स्थानिकांना वगळा’ असे लिहिणे सोपे होते. भाच्याला आईकडे जाण्यापासून अडवणारा नियम मला नको आहे, त्यामुळे वारानुसार बंदीची मागणी मी मागे घेतो. धुके आणि दरड पाहून सर्वच वाहने रोखावीत, हे मला मान्य आहे.

पण घणसोलीकर, शिकवल्याने सुटेल यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही. पुतण्याला मीच शिकवले होते. वळणाआधी ब्रेक, नजर वळणाच्या शेवटाकडे, हे सगळे त्याला तोंडपाठ होते, आणि तरी मोटार दिसताच हाताने जे करायचे ते केले. एकोणीस वर्षांच्या मुलाचा हात भीती वाटली की शिकवलेले विसरतो. म्हणून एका गोष्टीवर मी ठाम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण घाटात वळणांवर कोणतेही वाहन उभे करण्यास मनाई असावी आणि उभे केलेले वाहन क्रेनने उचलले जावे. धबधब्यांवर गर्दी रोखण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे पूर्वीच्या १४४ खाली, मनाई आदेश निघतात. त्यात हे एक वाक्य घालावे, असा अर्ज मी या आठवड्यात दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांत देणार आहे. सही कोणाला करायची असेल त्यांनी कळवावे. पुतण्या आता काठीशिवाय चालतो.

वैशाखऱ्याचा रहिवासी

अर्जावर माझी सही धरा, गावातून आणखी तीस-चाळीस मिळतील. परिचारिका ताईंचे वाचून इथल्या मुलांशी बोललो. रेंज संपते तिथल्या शेवटच्या चहाच्या टपरीवर स्ट्रेचर बनवायला दोन बांबू, जाड चादर आणि दोरी कायमची ठेवायची ठरले आहे. मालकाने होकार दिला. खडीचे म्हणाल, तर शनिवारी संध्याकाळी चौघे जण खराटे घेऊन गेलो आणि सर्वांत वाईट अशी तीन वळणे झाडून काढली. एका वळणावरच चार घमेली कच निघाली. रविवारी पहाटे पुन्हा पाऊस झाला, सकाळी जाऊन पाहिले तर निम्मी परत आली होती. त्यामुळे आता शनिवारऐवजी रविवारी सकाळी सहाला जाणार आहोत. ठाण्याकडून येणाऱ्यांपैकी कोणी लवकर निघणार असेल, तर एक-दोन खराटे जास्तीचे लागतील.