६बीटी इंजिन बांधलंय, रनिंग-इन (नवे भाग हळूहळू बसवून घेणं) कसं करायचं?

मालवाहू२५१५: टाटा २५१५, कमिन्स ६बीटी. ब्लॉक ०.५० मिमी ओव्हरसाइज बोअर करून होनिंग (सिलिंडरच्या आतून बारीक तिरक्या रेघा पाडणं) झालंय. पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवीन, क्रँक ग्राइंड केलाय. फिटर म्हणतो आठ तास स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवा, मग दोन हजार किलोमीटर रिकामी चाळीसने चालवा. एवढं करायलाच हवं का?

पानाबारा: स्लोवर आठ तास मुळीच ठेवू नका, नुकसान त्यातच आहे. रिंग बोअरवर दाबली जाते ती तिच्या मागे शिरणाऱ्या गॅसच्या दाबाने, आणि तो दाब लोडशिवाय येत नाही. स्लोवर इंजिन थंड राहतं, डिझेल अर्धवट जळतं, ऑइल होनिंगच्या तिरक्या रेघांत भाजून बसतं. बोअर एकदा असा काचेसारखा गुळगुळीत झाला की रिंगा बसत नाहीत. मग ऑइल खाणं सुरू, आणि पिस्टन बाहेर काढून पुन्हा होन मारण्यावाचून इलाज नाही.

स्टार्ट करण्याआधी फिल्टर ऑइलने भरून लावा. टर्बोच्या ऑइल इनलेटमध्ये थोडं ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवा. डिझेल पंपाचा स्टॉप लिव्हर ओढून धरा आणि गेजवर ऑइल प्रेशर दिसेपर्यंत सेल्फ (स्टार्टर) मारा. एका वेळी ३० सेकंदांच्या वर नको, मध्ये २ मिनिटं थांबा, नाहीतर सेल्फ जळेल. इंजिन चालू झाल्यावर १५ सेकंदांत प्रेशर आलं नाही तर लगेच बंद करा. गरम इंजिनला स्लोवर ऑइल प्रेशर १० पीएसआयच्या खाली चालत नाही. हजार आरपीएमवर गरम करा, गळती बघा आणि सरळ रस्त्यावर काढा.

खंबाटकी_चढ: सहमत. रिकामी नको, निम्मा माल भरा. १५०० ते २००० आरपीएममध्ये ठेवा, एकाच स्पीडला तासन्‌तास नको. ॲक्सिलरेटर दाबून अर्धा मिनिट ओढू द्या, मग सोडा, असं वारंवार. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ याला चांगला आहे, पण वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटवू नका. बाराशेच्या खाली यायच्या आत गिअर उतरवा. बंद करण्याआधी ३ मिनिटं स्लोवर ठेवा, टर्बो थंड होऊ द्या.

मालवाहू२५१५: ऑइल कोणतं? सिंथेटिक भरलं तर?

पानाबारा: आत्ता साधं मिनरल १५डब्ल्यू-४० सीआय-४. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. जुना फिल्टर कापून कागद उलगडा. बारीक काळपट भुकटी चुंबकाला चिकटली तर ती बहुतेक रिंगा-बोअरची, थोडी असणारच. चुंबकाला न चिकटणारे चकचकीत कण दिसले तर बेअरिंग खातंय. गाडी थांबवा, ऑइल पॅन उतरवा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) १००० किलोमीटरला थंड इंजिनवर बघा : इनलेट ०.२५, एक्झॉस्ट ०.५१ मिमी.

खंबाटकी_चढ: एअर क्लीनर ते टर्बोच्या होजच्या क्लिपा आधी तपासा. तिथून धूळ आत गेली तर नव्या रिंगा बघता बघता झिजतात. ब्रीदरच्या (इंजिनातला गॅस बाहेर सोडणाऱ्या) नळीवर रोज नजर ठेवा. धूर दिवसेंदिवस कमी व्हायला हवा. कमी होऊन स्थिर झाला आणि ऑइलची पातळीही टिकली की पूर्ण पासिंग (परवानगी आहे तेवढा माल) भरा. ओव्हरलोड मात्र नको.