अनुभव धागा: आजचा उपकार कोणता?

माझं बालपण अहमदनगरला गेलं. संध्याकाळी सातला आजी सगळ्यांना चटईवर बसवायची. एक गीत, शास्त्रातला एक उतारा, मग प्रत्येकाने दिवसातला देवाचा एक उपकार सांगायचा. नियम एकच: काल सांगितलेला आज चालणार नाही. 'आईबाबा दिलेस, घर दिलंस' हे दोन दिवसांत संपायचं. तिसऱ्या दिवसापासून आम्ही भावंडं शाळेतून येतानाच उपकार शोधत यायचो. 'उपकारस्तुती', म्हणजे देवाचे आभार मानणं, हा शब्द मला नंतर कळला, सवय आधी लागली.

आता पुण्यात एकटी राहते आणि ती सवय सुटली आहे. मनाला लागतं. म्हणून विचारते, तुम्ही रोज नेमकं काय करता? आभार का मानावेत हे दर रविवारी चर्चमध्ये ऐकतोच. कधी, कुठे, कोणत्या शब्दांत, ते लिहा. जमत नसेल तर तेही लिहा.

गोराईहून

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळ ख्रिस्ती. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमचा आगेरा, नव्या पिकाचा सण. भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात. आमचं स्वतःचं शेत माझ्या लहानपणीच गेलं, आता लोंब्या मामांकडून येतात. त्यातली एक मी स्वयंपाकघरात मरियामातेच्या तसबिरीशेजारी बांधते, ती पुढच्या आगेऱ्यापर्यंत तिथेच. सकाळी तांदूळ धुण्याआधी तिला हात लावते आणि म्हणते, 'देवा, हा भात मी पिकवलेला नाही.' शेत होतं तेव्हा आई असं काही म्हणायची नाही. तिला गरजच नव्हती, तिच्या पायाला चिखल असायचा.

शारजाहून

मिरजेला नर्सिंग केलं, इथे अकरा वर्षं आयसीयूत आहे. रात्रपाळी संपली की दुसऱ्या सिस्टरला ओव्हर देते: कोणत्या बेडला काय चालू आहे, कोणाची लघवी कमी झाली, कोणावर लक्ष ठेवायचं. मग बसमध्ये बसल्यावर तोच ओव्हर प्रभूला देते, त्याच क्रमाने. प्रत्येक बेडपाशी एक आभार. 'चार नंबरच्या आजोबांनी डोळे उघडले.' 'सात नंबरला दुखणं कमी होतं.' एखादा बेड रिकामा झालेला असतो. तिथे थांबते, घाईने पुढे जात नाही. त्या माणसाचा हात शेवटी कोणाच्या तरी हातात होता, असेल तर तेवढं सांगते. नसेल तर काहीच सांगत नाही.

सोलापूरहून

जमत नसेल तर तेही लिहा म्हणालात, म्हणून लिहितो.

आमचा मुलगा एकोणिसाव्या वर्षी अपघातात गेला. कबरस्तानातून परतताना एक जण म्हणाले, 'यासाठीसुद्धा देवाचे आभार माना.' त्यानंतर आठ महिने माझ्या तोंडून आभाराचा शब्द निघाला नाही. चर्चमध्ये भक्तीला जायचो. गीत सुरू झालं की पुस्तक उघडं धरून गप्प उभा राहायचो. पत्नी काही बोलायची नाही, फक्त पान काढून द्यायची.

पाळकांनी (आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी) मला 88 वं स्तोत्र वाचायला सांगितलं. ते अंधारातच संपतं, तरी पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे माझं गप्प राहणंही देवासमोर चालतं, असं वाटून त्या रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली. पुढे कधीतरी त्यांनी बायबलमधलं, प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं 5:18 उघडून एका शब्दावर बोट ठेवलं. पौल 'सर्व स्थितीत' म्हणतो. त्या स्थितीबद्दल आभार माना, असं तिथे नाही. इफिसकरांच्या पत्रात 'सर्व गोष्टींबद्दल' आहे, हे मला ठाऊक आहे. ते वचन मी बाजूला ठेवलंय, टाकून दिलेलं नाही.

मुलाच्या जाण्याबद्दल मी आभार मानत नाही. पण त्या दिवसांत शेजारच्या वहिनी रोज दुपारी डबा ठेवून जायच्या. कडी वाजवायच्या आणि आम्ही दार उघडायच्या आत निघून जायच्या. माझं पहिलं वाक्य निघालं ते त्या डब्याबद्दल: 'प्रभू, आज पिठलं होतं.' एवढंच. अजूनही तसंच करतो. जे मिळालं त्याचं नाव घेतो, पुढे काही जोडत नाही.

पुन्हा पुण्याहून

दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. वहिनींचा तो डबा आज माझ्याही प्रार्थनेत असेल.

वसईहून

संत इग्नेशियसने सांगितलेलं रोजचं आत्मपरीक्षण मी वर्षानुवर्षं उलट करत होते. आधी चुका, वेळ उरला तर आभार. एका रिट्रीटमध्ये फादरनी दाखवून दिलं की पहिली पायरी आभारांचीच आहे, चुका त्यानंतर. मी शिक्षिका आहे. क्रम बदलल्यापासून असं होतं की ज्या मुलीवर मी वर्गात ओरडले, तीच आधी त्या दिवसाच्या उपकारांत येऊन गेलेली असते. मग दुसऱ्या दिवशी तिची माफी मागावीच लागते.

नाशिकहून

नोकरीनिमित्त तीन वर्षं मिझोरममध्ये ऐजॉलला होतो. मिझो घरांत स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढतात, ती चर्चच्या कामाला जाते. आम्ही नाशिकला येऊन तेच सुरू केलं. डबा भरला की मंडळीतल्या गरजू घरी जातो. आभाराचे शब्द मला सुचत नाहीत, मूठ मात्र रोज निघते.

जालना जिल्ह्यातून

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, मीही वाढलो. रात्री तीनला गाडी भरायला उठवायचे, तेव्हा आई कोयता हातात घेण्याआधी उभ्याउभ्याच म्हणायची, 'येशूबाप्पा, उठवलंस, उपकार झाले.' लहानपणी मला राग यायचा. कसले उपकार? मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, पाठ मोडली आहे. काही जण आम्हाला सांगतही असत की देवाने दिलंय त्यात समाधान माना. आईने त्याचा अर्थ तसा कधीच घेतला नाही. देवाचे उपकार देवाला, आणि मजुरीचा हिशेब मुकादमाला, हे तिच्या डोक्यात पक्कं वेगळं होतं. माझ्या शाळेच्या जुन्या वहीत ती मला रोज तोडलेल्या उसाचे टन लिहायला लावायची. हंगाम संपला, मुकादम हिशेबाला बसला, की आई आधी डोळे मिटून प्रार्थना करायची, आमेन म्हणायची, आणि पदराखालून वही काढायची.