४२ हजार किमीवर कारच्या चारही चाकांचे ब्रेक पॅड बदलायचे?

सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना पुढून चिरका आवाज येतो, मग गायब. मेकॅनिक म्हणतो चारही चाकांचे पॅड बदला. बदलू?

> किलोमीटर सोडा, जाडी बघा. नवा पॅड साधारण १०-१२ मिमी, ३ मिमीला आला की बदलायचा. माझे ट्रॅफिकमध्ये ३० हजारांत संपले, नंतर हायवेवर ६५ हजार चालले. सकाळचा आवाज बहुधा डिस्कवरच्या (पॅड जिला दाबतो ती चकती) दवाचा, गंजाचा. टॉर्च मारून चाकाच्या आतल्या बाजूचा पॅडही बघा, तो लबाड, गुपचूप झिजतो.

> मागचे सहसा हळू झिजतात. आधी काढून दाखव म्हणावं!

बघितलं. पुढचे ४ मिमी, मागचे ८ मिमी. पण ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं झालंय.

> मग आधी ते बदला. ओलावा शोषतं, दोनेक वर्षांनी बदलायचंच. पुढच्या चाकांचे पॅड ५ हजार किमीनी परत मोजा.